कमलच्या समुद्राची इर्जिक

दिवाळीचे आकाशकंदील उतरले, की आमच्या जालन्याकडे येणाऱ्या रस्त्यांवर बाभळींना कापूस लागतो. हसू नका, खरंच लागतो. कापसाने फुगलेले ट्रॅक्टर आणि टेम्पो रस्त्याच्या कडेकडेने जातात, बाभळीच्या काटेरी फांद्या त्यांना आडव्या येतात आणि जाता जाता मूठमूठ कापूस ओढून ठेवतात. परवा अंबडच्या रस्त्याने येताना दिसला. उन्हात झाड पांढरं झालं होतं आणि एक साळुंकी त्यातला पुंजका चोचीत धरून ओढत होती. माझ्या शेजारी बसलेला माणूस मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता. त्याला कोपराने ढोसून दाखवावंसं वाटलं, पण त्याला काय सांगणार? मला ती बाभूळ दिसली, की आमच्या सहलीचा पहिला दिवस आठवतो. सहलीचा म्हणायचा एवढंच, कारण त्या दिवशी आमची गाडी जालना जिल्ह्याची हद्दसुद्धा वेळेवर ओलांडू शकली नव्हती.

आम्ही चौघी. मी शोभा, सरकारी कचेरीत टेबल सांभाळते आणि घरीदारी सगळ्यांवर ओरडते. रेहाना, जुन्या जालन्यात तिचं कपड्याचं दुकान. संगीता, प्राथमिक शाळेत बाई, शकुन-अपशकुनाचं चालतंबोलतं पंचांग. आणि कमल. चौघी एका बाकावर शिकलो. पुढे तिघी जालन्यात राहिलो आणि कमल लग्न होऊन घनसावंगीच्या पुढे, गोदावरीच्या अंगाला एका खेड्यात गेली. शेतीत पडली ती पडलीच. आम्ही दरवर्षी कुठे ना कुठे जायचं ठरवायचो आणि कमल दरवर्षी म्हणायची, "औंदा न्हाई गं जमत. पुढच्या साली बघू." तिच्या पुढच्या साली तिचा मुलगा मोठा होऊन पुण्याला नोकरीला लागला, आमच्या केसांना मेंदी लागली, पण ते साल काही उजाडलं नाही.

मग एकदा तीच म्हणाली, "समुद्र दाखवाल का?" तिने तो कधी पाहिला नव्हता. तिच्या गावातल्या बहुतेक बायांनी पाहिला नव्हता. मी त्याच दिवशी कोकणातल्या एका लहानशा गावी लॉज ठरवला, जीप ठरवली आणि कमलला बजावलं, की यंदा मागे फिरलीस तर मैत्री तुटली म्हणून समज. ती म्हणाली, "न्हाई फिरत. बिलकुल न्हाई."

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, तसं झालं. उजाडता उजाडता येणारी जीप ऊन वर आलं तरी येईना. जीपवाला दत्ता फोनवर सांगत होता, "निघालोच ताई, निघालोच," आणि मागे त्याची बायको त्याला अंघोळीला पाणी काढलंय म्हणून सांगत होती. रेहाना दोन मोठ्या बॅगा घेऊन आली. एकीत कपडे आणि दुसरीत खाणं. "चार दिवसांसाठी एवढं?" मी विचारलं. "तू रस्त्यात मागशील तवा बोलू," ती म्हणाली. संगीता घरातून निघाली आणि शेजारणीने मागून हाक मारून विचारलं, "कुठं चालल्या?" झालं! कुठं विचारलं म्हणून ही बया परत घरात गेली, पाटावर बसली, पाणी प्यायली, देवाला नमस्कार केला आणि मग पुन्हा निघाली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. लॉजवाला संध्याकाळपर्यंतच खोल्या धरून ठेवणार होता आणि आम्हाला अजून कमलला घेऊन सगळा महाराष्ट्र आडवा कापायचा होता.

अंबड मागे पडलं आणि घनसावंगीकडे वळलो, तशी वावरं पांढरी व्हायला लागली. मी तेव्हा पाहिलं नाही. मी घड्याळ आणि दत्ताची मान, एवढंच बघत होते. आकाश मात्र पाहिलं. गोदावरीच्या बाजूला खाली काळपट रेघ धरली होती. दत्ता म्हणाला, "दोन दिस अवकाळी सांगू राह्यले मोबाईलवर." मी म्हटलं, "तू पुढं बघ."

कमल दारातच उभी होती. पायात नव्या चपला, भिंतीला टेकवलेली बॅग, आणि अंगावर शेतात नेसायचं जुनं लुगडं आणि वरून नवऱ्याचा जुना शर्ट. तो शर्ट पाहिला आणि मला कळलं.

"या. चहा टाकते," ती म्हणाली.

"चहा नको. तू बदलली न्हाईस अजून?"

"शोभे, मी न्हाई येऊ राह्यले."

वेचणीला ठरलेल्या बाया आदल्या दिवशी अचानक दुसऱ्या गावाला गेल्या होत्या. तिचे मालक कारखान्याचा हंगाम सुरू झाला म्हणून ट्रॅक्टर घेऊन ऊस वाहायला गेलेले. सासरे थकलेले. सगळं वावर एकदम फुटलेलं आणि वर ते आभाळ. फुटलेल्या कापसावर पाऊस पडला तर तो काळा पडतो, बोंडातच कुजतो. वर्षाचं पीक एका सरीत जातं. हे तिने इतक्या शांतपणे सांगितलं, की मला आणखीच राग आला. "मंग फोन करून सांगायचं होतं ना! आम्ही एवढ्या लांब आलो."

"सांगितलं असतं तर आल्याच नसत्या. म्हटलं, तोंडं तरी दिसतील."

चहा प्यायलो. तिने रस्त्यात खायला धपाटे करून ठेवले होते, ते फडक्यात बांधून आणायला ती आत गेली. आम्ही तिघी जीपकडे गेलो. आणि तेवढ्यात संगीताने, आमच्या त्या पंचांगाने, अंगणातला एक मुठीएवढा दगड उचलला, पुसला, रुमालात गुंडाळला आणि खिडकीजवळच्या सीटवर ठेवला. ती सीट आम्ही कमलसाठी राखून ठेवली होती. तिला डोंगर, घाट, सगळं दिसावं म्हणून.

तिघांनी प्रवासाला निघू नये, तीन तिघाडा काम बिघाडा. निघावंच लागलं तर चौथा म्हणून दगड बरोबर घ्यायचा, असं आमच्याकडे करतात. मीही लहानपणी खिशात खडे घेऊन शाळेला गेले आहे. त्यात वाईट काही नाही. पण कमल धपाट्यांचं गाठोडं द्यायला खिडकीशी आली आणि तिने तो रुमाल उघडला.

"हे काय गं?"

संगीता भाबडेपणाने म्हणाली, "अगं, तिघीच झालो ना आता. म्हणून चौथा. तुझ्याच अंगणातला घेतलाय, तुझ्याच नावाचा."

कमल हसली. खरंच हसली आधी. "बराबर केलं. मला नेण्यापरीस हा नेणं सोपं. ह्याला मागं काही काम नसतं." आणि मग तिला ते हसू आवरेना आणि बघता बघता त्याचं रडू झालं. मी तिला लग्नात रडताना पाहिलं नव्हतं. तिच्या आईला पोचवलं तेव्हाही तीच सगळ्यांना पाणी देत होती. आणि ती बाई जीपची खिडकी धरून लहान पोरीसारखी रडत होती. "किती साल झाले तुमी बोलावू राह्यल्या. मी आपली पुढच्या साली, पुढच्या साली. पुढच्या साली बी दगडच न्या बायांनो. मी काई येत नसते आता."

संगीताचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मग रेहानाने तो दगड उचलला, खिडकीतून लांब गावाच्या ओढ्याकडे भिरकावला आणि खाली उतरली. अंगावरचा बुरखा काढून तिने घडी केली, सीटवर ठेवला आणि पदर कमरेला खोचला.

"कुठं हाये तुझं वावर?"

"अगं, पण लॉज..." मी म्हणाले.

"लॉजला पाय असतात का शोभा? थांबंल तो. चल, जल्दी उतर."

कमल नको नको म्हणत होती. आम्ही ऐकलं नाही. तिच्या सासऱ्यांनी दोन जुन्या चादरी काढून दिल्या, त्या फाडून वेचलेला कापूस टाकायला ओट्या कमरेला बांधल्या, प्रवासाच्या चांगल्या साड्यांवर. दत्तालाही सोडलं नाही. तो म्हणाला, "ताई, मी डायवर हाये." रेहाना म्हणाली, "गाडी उभी हाये म्हंजी तू मोकळा हाये."

वावर गावाच्या थोडं बाहेर होतं. बांधावर चढलो आणि मी थांबले. ते मी कसं सांगू? मी या जिल्ह्यात जन्मले. कापसाच्या गाड्या, कापसाच्या बातम्या, कापसाच्या भावावरून भांडणारी माणसं ऐकत मोठी झाले. पण फुटलेल्या कापसाच्या मधोमध मी कधी उभी राहिले नव्हते. दव केव्हाच सुकलं होतं. खाली काळी माती, वर काळं होत चाललेलं आभाळ आणि मधे एवढं पांढरं, की डोळे बारीक करावे लागत होते. नुसतं गप्प उभं होतं ते. एकेका बोंडातून चार पाकळ्या बाहेर लोंबलेल्या, वारा आला की सगळ्या एकदम हलायच्या. सहा महिने मान मोडून माणसाने मातीत खपावं आणि मातीने हे उत्तर द्यावं! सकाळपासून डोक्यात चाललेलं लॉज, घाट, उशीर, सगळं एकदम पोरकट वाटायला लागलं. संगीताने हात जोडले. या वेळी मी तिला हसले नाही.

मग लागलो वेचायला. आणि आमचं वेचणं म्हणजे काय विचारता! पाकळीबरोबर वाळका पाला यायचा, बोंडाची टोकं नखांत घुसायची. तेवढ्यात पलीकडच्या वावराला निघालेल्या चार-पाच बाया बांधावर थांबल्या. त्यांच्यात पुढे एक म्हातारी होती, तिला सगळे नानी म्हणायचे. कमलच्या शेजारचंच वावर तिचं. जरीच्या काठाची साडी आणि कमरेला चादर असा रेहानाचा अवतार पाहून ती तोंडाला पदर लावून हसली.

"अवं कमल, ह्या कुठल्या पार्टीच्या बाया आणल्या?"

"मैत्रिणी हायेत माझ्या, नानी. जालन्याच्या."

"आन वेचू काहून राह्यल्या?"

कमल खाली बघून वेचत राहिली. मीच सांगितलं. सांगितलं म्हणजे भांडल्यासारखंच बोलले. हिला समुद्र बघायला न्यायला आलो होतो, ही कापूस सोडून येत नाही, म्हणून कापूस संपवून हिला नेणार आहोत, मग पाऊस येवो नाहीतर काही येवो.

"समुंदर?" नानी म्हणाली. मागच्या बायांत कुजबुज झाली. "कमल समुंदर बघाया चालली?" एकीने विचारलं, "लई मोठा असतो म्हने?" मला वाटलं होतं त्या हसतील. एकही हसली नाही.

नानीने आभाळाकडे पाहिलं. मग स्वतःच्या वावराकडे पाहिलं. तेही तसंच फुटलेलं, तितकंच पांढरं. मग ती बांध उतरून आमच्याकडे आली आणि मागे वळून बायांना म्हणाली, "या गं. इर्जिक घालू कमलची."

इर्जिक हा शब्द मी ऐकला होता, पाहिली कधीच नव्हती. एखाद्याचं शेतातलं काम अडलं, की गावाने आपापलं काम टाकून यायचं, मजुरी घ्यायची नाही, ज्याचं वावर त्याने जेवू घालायचं. गावोगाव ती आता बंद पडली आहे. सगळं वजनावर, किलोमागे मजुरी देऊन चालतं. कमलच्या गावातही बऱ्याच वर्षांत झाली नव्हती. कमल पुढे धावली. "न्हाई नानी, असं नका करू. तुमचा बी कापूस फुटलाय. तुमच्यावर बी तेच आभाळ हाये."

"हाये की. पडला तर समद्यांवर पडंल. मंग निदान एकीचा समुंदर तरी होऊन जाऊ दे."

हे ती ओटी बांधता बांधता बोलली, जसं काही मीठ संपलं, आणायचं आहे, असं सांगावं. कचेरीत इतकी वर्षं काढली. एका दिवसाची रजा बदलून द्यायची तर माणसं तोंड फिरवतात, मीही फिरवते. आणि ही बाई वर्षाचं पीक आभाळाखाली उघडं ठेवून दुसरीच्या वावरात शिरली होती, का, तर तिने समुद्र पाहावा म्हणून! हे मोठेपण कशात मोजायचं, मला आजही कळत नाही.

एकीने गावात निरोप धाडला. हळूहळू वाटेने बाया दिसायला लागल्या. कुणी कडेवर मूल, कुणी हातात पाण्याची कळशी. ज्यांचं स्वतःचं वावर नव्हतं त्याही आल्या. जी ती येताना कमलला काहीतरी टोमणा मारायची. "काय कमलाबाई, आमाला बी बाटलीत भरून आणा थोडा." "मगरी असतात म्हने तिथं, पाय संभाळून!" आणि वाकली, की दोन्ही हात चालू. दोन हात दोन बोंडांवर, तोंड गप्पांत. आमच्यापुढून ओळी पांढऱ्याच्या हिरव्या होत गेल्या. पलीकडून रेहानाचा आवाज येत होता. तिने कोणाला तरी ब्लाउजच्या कापडाचे भाव सांगायला सुरुवात केली होती.

दुपारी जेवण घालायचं तर कमल घाबरली. घरात एवढ्यांचं काय होतं? रेहाना म्हणाली, "मी दुसरी बॅग कशाला आणली?" मग जीपमधून सहलीचं सगळं बाहेर आलं. कमलचे धपाटे, शेंगदाण्याची चटणी, संगीताचा दिवाळीतला उरलेला चिवडा, माझ्या शंकरपाळ्या, रेहानाचे रव्याचे खुसखुशीत रोट. कमलच्या सासऱ्यांनी पिठल्याचं पातेलं डोक्यावर घेऊन आणलं. बांधावर बसून चार दिवसांची सहल एका पंगतीत संपली. नानीला रोट इतके आवडले, की तिने दोन पदरात बांधून घेतले. "नातवाला," म्हणाली, आणि चालता चालता एक स्वतःच खाल्ला.

उन्हं उतरायच्या आत वावर हिरवं झालं होतं. कमलच्या घरातली पुढची खोली आढ्यापर्यंत कापसाने भरली. आभाळ अजून तसंच होतं. नानीने कमलचं तोंड स्वतःच्या पदराने पुसलं, तिच्या अंगातला तो नवऱ्याचा शर्ट काढून घेतला आणि म्हणाली, "आता मागं बघू नको. जाय."

जीप निघाली तेव्हा बाया घरी वळल्या नव्हत्या. त्या नानीच्या वावराकडे चालल्या होत्या. उजेड होता तोवर.

कमल खिडकीशी बसली. दत्ताने गाणी लावली नाहीत. त्या रात्री आम्ही वाटेत संगीताच्या भावाकडे मुक्काम केला आणि पहाटे पत्र्यावर पाऊस वाजायला लागला. मी डोळे उघडले, तर कमल उशाशी बसलेली. "आपल्याकडं बी पडत असंल का गं?" मी म्हटलं, "झोप."

दुसऱ्या दिवशी घाट उतरलो. लॉजवाल्याने खोल्या दुसऱ्यांना देऊन टाकल्या होत्या. त्याच्याशी मी भांडत असताना या तिघी पुढे गेल्या, म्हणून मी भांडण अर्धं टाकून त्यांच्यामागे पळाले. सुरूची झाडं संपली आणि समोर तो आला.

कमल वाळूत उभी होती, हातात चपला. लाट आली, पाय भिजले, ती मागे झाली नाही. तिने आणखी दोन लाटा येऊ दिल्या. मग म्हणाली, "एवढं पांढरं येऊ राह्यलंय. आन वेचायचं काहीच न्हाई." मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं.

तेवढ्यात तिने फोन लावला. बटनांचा साधा फोन होता, आवाज आम्हालाही ऐकू येत होता.

"नानी, पडला का?"

"पडला की. पहाटीच पडला."

"तुमचं?"

"अर्धं वेचलं व्हतं. अर्धं भिजलं."

कमलने डोळे मिटले. "मी येते उद्या. माघारी येते. वाळवायला तरी..."

"ऐ! गप. भिजलं ते भिजलं. आमी समद्या हितं पारावर बसलो, तुझ्याच फोनची वाट बघू राह्यलो. पवचली का तिथं?"

"पवचले."

"बघितला?"

"बघू राह्यले."

"मंग सांग की! केवढा हाये?"

कमलने समोर पाहिलं. आमच्याकडे पाहिलं, जसं काही आम्ही शब्द देऊ. मी शाळेत निबंधात पहिली यायचे, पण माझ्याकडेही नव्हता. मग तिने कानावरचा फोन काढला आणि हात लांब करून समुद्राच्या समोर धरला. लाट आली, फुटली, माघारी गेली. मागून दुसरी आली. तिचा हात भरून आला असेल, तिने तो खाली घेतला नाही. बऱ्याच वेळाने ती फोनकडे वाकून म्हणाली, "नानी, ऐकू येऊ राह्यलं का? बायांनो? हे बघा, हा आता जो..."

पलीकडून नानीचा आवाज आला, अगदी हळू.

"बोलू नको गं. ऐकू दे."